दीड रुपया शेकडा

मापट्याचा काठ डब्याच्या तळाला खर्रकन घासला आणि सकाळपासून घरात बसून राहिलेली शांतता मोडली. शरयूचा हात डब्यातच थांबला. गहू फार तर दोन दिवसांचे होते. तिने हळूच वळून पाहिलं, नवऱ्याने ऐकलं की काय म्हणून.

गोविंदाने ऐकलं होतं. तो भिंतीशी पाट मांडून दसऱ्याची पूजा लावत होता. मामंजी, म्हणजे गोविंदाचे वडील सूर्याजी, रियासतीच्या फौजेत हवालदार होते. त्यांचा चामडी पट्टा पाटावर, आणि शेजारी गोविंदाचा कचेरीतला लिहिण्याचा टाक. तो टाक त्याने तिसऱ्यांदा पुसला, पण मान वर केली नाही.

"आई, पाटी दे ना. सरस्वती काढायची आहे," दुर्गा म्हणाली. सहा वर्षांची ती, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पाटीपूजन करणार होती. पाटी फळीवर उपडी होती. शरयूने ती सुलटी केली आणि पंधरा दिवसांपूर्वीचा तिचाच हिशेब तिच्याकडे बघू लागला.

त्या दिवशी गोविंदा कचेरीतून आला तो पायऱ्यांवरूनच बोलत आला होता. आठ वर्षांत कचेरीची पाटी दुसऱ्यांदा रंगवली जाणार होती. रियासत गेली, मध्यभारत आला, आता एक नोव्हेंबरला मध्यप्रदेश होणार आणि कचेरी भोपाळला जाणार. तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. भोपाळला बायकोमुलीसकट राहायचं तर खोलीचं भाडंच पंधरा रुपये, आणि पगार नव्वद. पण एक वाट दिसत होती. मामंजींच्या आजारपणात दोन ठिकाणी कर्ज झालं होतं. लश्कर शहराच्या दालबाजारातल्या धान्यवाल्या सेठजींचे चारशे, दीड रुपया शेकडा महिना. दाणाओळीतल्या सराफाचे दोनशे, शरयूच्या पाटल्यांवर, दोन रुपये शेकडा. कर्मचाऱ्यांची पतपेढी हे सहाशे एकदम देईल, तेही आठ आणे शेकड्याने, असं पतपेढीचे चिटणीस माधवराव म्हणाले होते. जुनी दोन्ही खाती मिटवायची आणि एकाच ठिकाणी फेडत राहायचं.

"तू सांग," गोविंदा म्हणाला होता. "हिशेब तुझा पक्का आहे. मी आपला नकला करणारा."

रात्री दुर्गा झोपली तेव्हा शरयूने तिची पाटी घेतली. सहा आणि चार, दहा रुपये नुसत्या व्याजात जात होते. पतपेढीत तीन. सात रुपये वाचणार. मुलीचं रोजचं अर्धा शेर दूध जवळजवळ त्यातच बसत होतं. दुसऱ्या बाजूला तिने हेही मांडलं की सेठजी महिनाभर गहू उधार देतात आणि त्यावर काही लावत नाहीत. शिवाय दसऱ्याला मामंजी शमीची पानं घेऊन जात, सोनं म्हणून सेठजींच्या हातात देत, तेव्हा सेठजी म्हणत, सोना आ गया, इस महीने का ब्याज कैसा. मामंजी गेल्यावर गोविंदा जाऊ लागला, दुर्गाला बोटाला धरून. तिला मूठभर बताशे मिळत. ते वर्षाचे सहा रुपये शरयूने वजा केले. तरी पतपेढीच बरी ठरत होती. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच उत्तर. तिने त्याला सांगितलं, घ्या.

हिशेबात चूक नव्हती. चूक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

गोविंदा काळी टोपी घालून निघाला. कुठे, असं विचारलं तर म्हणाला, सेठजींची रजा घेऊन येतो. पतपेढीचे पैसे अजून हातात नव्हते. अर्जावर सहीसुद्धा व्हायची होती. यादीत कुणाकुणाची नावं आहेत हे बाजाराला ठाऊक नव्हतं. शरयूच्या ओठांवर आलं होतं की आधी पैसे येऊ द्या, मग सांगा. पण तो दारात उभा होता तो अगदी मामंजींसारखा, ताठ, छातीवरचं बटण चाचपत. मामंजी म्हणायचे, समोर उभं राहून रजा घेतल्याशिवाय शिपाई छावणी सोडत नाही. कारकुनी करता करता वाकलेला हा माणूस एवढ्या एका गोष्टीत बापासारखा सरळ होता. तिला एकदम त्याची माया दाटून आली. ती एवढंच म्हणाली, "टोपी जरा डावीकडे घ्या."

सेठजींनी त्याला गादीवर बसवलं, पाणी दिलं, अच्छी बात है म्हणाले. भोपाळ कब, एवढं मात्र विचारून घेतलं.

आणि काल पतपेढीचा निरोप आला. यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना नवीन कर्ज नाही. त्यांचा पगार पुढे कुठल्या खजिन्यातून निघणार, हप्ता कोण कापणार, हे कुणालाच माहीत नाही. माधवराव बिचारे खाली बघून म्हणाले, "गोविंदा, आज तू इथलाही नाहीस आणि तिथलाही. मी सही कुठे करू?"

तिथून तो थेट दालबाजारात गेला. आधीसारखंच चालू द्या, एवढंच मागायला. सेठजी रागावले नाहीत, आणि तेच वाईट झालं. म्हणाले, आदमी लश्कर में था तो डेढ़ था, परदेस जाएगा तो दो लगेगा. गहू आता रोखीने. मग वही मिटता मिटता, घरच्यासारखं विचारल्यागत:

"बहू और बिटिया तो यहीं रहेंगी ना? फिर चिंता काहे की."

गोविंदाने हो म्हटलं. कर्ज फिटेपर्यंत त्या दोघी इथेच राहतील, असा शब्द दिला. हे त्याने काल शरयूला सांगितलं, ताटावर बसल्यावर, आणि मग जेवला नाही.

तिने ओला फडका घेतला. पाटीच्या कोपऱ्यात नवा हिशेब मांडायची गरज नव्हती, तो डोक्यात होताच. आठ आणि चार, बारा. शिवाय दोन चुली. मुदलाला एक रुपया लागायचा नाही, या वर्षी नाही, पुढल्या वर्षीही नाही. तो तिथे खाणावळीत जेवणार, ती इथे शिंदे की छावनीत याच खोलीत, आणि दुर्गा मोठी होत जाणार. तिने सात रुपये पुसले. सगळ्यात शेवटी पुसले.

"चूक माझीच," गोविंदा पाटाकडे बघत म्हणाला.

"मीच तर टोपी सारखी करून दिली," शरयू म्हणाली. तो हसेल असं तिला वाटलं. त्याने पट्ट्यावर फूल वाहिलं आणि त्याच हाताने टाकावर.

दुर्गाने पाटीवर एकाचे आकडे एकाखाली एक काढून सरस्वती केली. वाकडीच झाली, एक पाय लांब.

संध्याकाळी शेजारच्या सुमनताई पोरांना घेऊन शमीपूजन बघायला गेल्या, त्यांच्याबरोबर दुर्गाही गेली. गोविंदाला चल म्हटलं तर डोकं दुखून राहिलंय म्हणाला. दिवेलागणीला दुर्गा परतली ती धावतच, फ्रॉकचा घेर मुठीत धरून. गर्दीत शिरून तिने एकटीने पानं लुटली होती. कोपर खरचटलं होतं, चेहरा फुललेला. बाबांना एक पान, आईला एक. मग राहिलेल्यातली हिरवीगार, न मोडलेली डहाळी तिने निवडून बाजूला ठेवली, फुंकर मारून धूळ उडवली.

"ही सेठजींची," ती म्हणाली. "बाबा, चलो ना. दुकान बंद होईल."

गोविंदाने भिंतीकडे तोंड केलं. दुर्गा डहाळी दोन्ही हातांवर आडवी धरून आईजवळ आली. शरयूने तिचं कोपर पदराने पुसलं, पुन्हा पुसलं.

"आई, मग हे सोनं आता कुणाला द्यायचं?"