शेवटचा उघडा तलाव

रपांतिन्यी गावातल्या त्या गल्लीत पोहण्याचा तलाव प्रत्येकाच्या परसात होता आणि पोहणारं जवळपास कुणीच नव्हतं. तलावाचा मान दोनच गोष्टींवर ठरे: वसंतात सगळ्यांच्या आधी उघडणं आणि थंडीच्या तोंडावर सगळ्यांच्या नंतर बंद करणं. जो पहिला निळं आच्छादन ओढून तलाव झाकी, त्याला शेजारी कुंपणावरून विचारत, "तब्येत बरी आहे ना?"

टपालखात्यातून निवृत्त झालेला ल्यूसियें मात्र तलावात खरोखर उतरत असे. जुलैच्या दुपारी रबरी गादीवर पडून, पोटावर बियरचा डबा ठेवून तो तासन् तास तरंगे. घरात त्याला सतत कुणीतरी काहीतरी विचारायचं. पाण्यात कुणी विचारत नसे.

म्हणूनच त्याच्या जिवाला घोर होता. गेल्या हिवाळ्यात, तलावाच्या काठाला पाणी ओढणारी जी प्लास्टिकची पेटी असते, ती बर्फाने तडकली होती. बायको, पिएरेट, तेव्हाच म्हणाली होती, "बढाईपायी पुन्हा बंद करायला उशीर केलास आणि काही फुटलं, तर हा हौद निघाला. तिथे मी भाजी लावणार." पिएरेट धमक्या देत नसे. ती आगाऊ सूचना देत असे.

नोव्हेंबर लागला तेव्हा गल्लीत दोनच तलाव उघडे उरले. एक ल्यूसियेंचा, दुसरा मागच्या परसातल्या ग्रात्येंचा. ग्रात्यें पिएरेटचा धाकटा भाऊ.

"काय दाजी," तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "पाणी जरा गार झालं असेल, नाही? वयाला सोसवत नाही."

"गार कसलं? सकाळीच डुबकी मारली."

"टोपी घालून?"

"तुझ्यासारखं टक्कल नाही मला. तू झाक बाबा तुझा. आम्ही कुणाला सांगणार नाही."

"छे हो. आत्ता कुठे मजा यायला लागलीय."

त्या आठवड्यात पाणी गोठवणारी कडक थंडी येणार असं हवामानवाले सांगत होते. रविवारी पिएरेट चर्चला गेल्यावर ल्यूसियेंने चोरून तलाव बंद केला. पंप सोडवून तळघरात नेला. नळ तोंडाने फुंकून रिकामे केले, त्यात न गोठणारं गुलाबी औषध ओतलं. पण पाण्याची पातळी पेटीच्या खाली उतरवणं काही त्याला जमेना, कारण ग्रात्येंच्या गच्चीवरून ती दिसली असती. आच्छादनाचं तर नावच नको. पंपाचा आवाज थांबल्याचं कळू नये म्हणून त्याने पंपाच्या खोपटात जुना पंखा लावून ठेवला.

"दाजी, पंप खोकतोय तुमचा," ग्रात्यें दुसऱ्या दिवशी म्हणाला.

ल्यूसियेंने कान दिला. ग्रात्येंच्या खोपटातूनही घरघर येत होती. ती पंपाची नव्हती. केर ओढायच्या यंत्राची होती. ल्यूसियेंने आपल्या खोपटाचं दार घट्ट लावून घेतलं. हे बोलून दाखवणार कोणत्या तोंडाने?

थंडी आली. दोन्ही तलावांवर बर्फाची लादी चढली, आणि दोघेही ती वितळेल असं सांगत राहिले. पुढच्या रविवारी ग्रात्यें जेवायला आला होता. पिएरेट मटारच्या सूपसाठी बागेतली उरलेसुरले पातीचे कांदे काढायला गेली आणि मागच्या पायरीवर सपशेल घसरली. दुपारच्या उन्हाने बर्फ सुटलं होतं. पुन्हा तडकलेल्या पेटीतून पाणी वाहून पायरीपर्यंत आलं होतं आणि सावलीत पुन्हा गोठलं होतं.

ती उठली, खोपटात डोकावली आणि आत येऊन कंबर चोळत टेबलाशी बसली.

"पेटी फुटली. खोपटात पंखा फिरतोय, आणि पंप जागेवर नाही. ल्यूसियें, तू तलाव वेळेवर बंद केला होतास का? केला असशील तर दोष थंडीचा. सरळ सांग."

एका 'हो'त तलाव वाचत होता. ग्रात्येंने चमचा वाटीतच थांबवला.

"बंद कशाला करू?" ल्यूसियें म्हणाला. "हंगाम चालू आहे."

"बरं," पिएरेट म्हणाली. "मेमध्ये माणसं बोलावते. हौद उचलायला."

ग्रात्यें घाईघाईने उठला. "पायऱ्या पाहिल्यावर वाटतं, आपणही आता आवरावं. तुमचा गेलाच, दाजी, म्हणजे शेवटचा मीच." थोड्याच वेळात मागच्या परसात हवा मारायचं यंत्र गरजू लागलं. नळांतलं पाणी काढायचं ते यंत्र साऱ्या गल्लीला ऐकू जातं. शेजारी दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"नाटकं करतोय," ल्यूसियें न राहवून म्हणाला. "त्याच्या नळांत थेंब नाही. आठवडा झाला असेल रिकामे करून."

"तुला कसं माहीत?" पिएरेटने विचारलं.

ल्यूसियेंने आणखी थोडं सूप वाढून घेतलं.