दिवसाला फक्त तीन

"माणसाला जनावरापासून वेगळं करणारी एकच गोष्ट, सिस्टर, ती म्हणजे संयम," असं जाहीर करून लिफ्टमिस्त्री चौथ्या मजल्यावर पायरीवर मटकन बसले. पुढचं वाक्य तयार होतं, पण त्याला लागणारा श्वास तिसऱ्या मजल्यावरच राहिला होता.

लिफ्ट सकाळपासून बंद होती. तिचं मशीन गच्चीवर, सात मजल्यांच्या वर. बंद लिफ्टकडे मिस्त्रीला जिन्यानंच जावं लागतं, हा या धंद्यातला जुना विनोद. सोबत सहाव्या मजल्यावरच्या सिस्टर होत्या. निवृत्त परिचारिका, वय एकाहत्तर, इमारतीच्या सेक्रेटरी, हातात भाजीची पिशवी. त्यांना धाप लागलेली नव्हती. मिस्त्रींना हे फारसं सभ्यपणाचं वाटलं नाही.

"किती ओढता?" सिस्टरनी विचारलं.

"तीन फक्त. सकाळी एक, जेवणावर एक, काम फत्ते झालं की एक. आमचा मेव्हणा तीस ओढतो. त्याच्यापुढे मी निर्व्यसनीच की!"

घरीही त्यांची हीच ख्याती. "आमच्या ह्यांना व्यसन म्हणून नाही," असं बायको पाहुण्यांना सांगे. मागच्या वर्षी कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत 'धूम्रपान' या रकान्यात मिस्त्रींनी 'जवळजवळ नाही' असं लिहिलं होतं. यंदाची तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. सात मजले चढून दाखवायचे. मध्ये बसेल त्याला ऑफिसात फोनवरच्या तक्रारी उतरवून घ्यायला बसवणार. सत्तावीस वर्षं लिफ्टचे दोर हाताळलेल्या माणसाला ती खुर्ची म्हणजे जिवंतपणी भिंतीवरचा फोटो.

"हृदयाला भागाकार येत नाही, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या. "तिसाच्या जागी तीन, म्हणून धोका दहावा हिस्सा, असं नसतं ते. रोज एकच ओढली तरी हृदयाचा धोका वीसवाल्याच्या निम्म्याच्या आसपास जातो."

"आणि कॅन्सर?"

"तिथं कमी. पण शून्य नाही. आमच्या वॉर्डात 'फक्त तीन'वाल्यांना वेगळी खोली नव्हती हो, सगळ्यांच्या खाटा एकाच रांगेत."

मिस्त्री उठून चढू लागले. बोलणं आणि चढणं एकदम जमण्यातलं नव्हतं. पाचव्या मजल्यावर त्यांनी कठडा हलवून पाहिला, सहाव्यावर आणखी सावकाश पाहिला. सिस्टर पिशवी घरात ठेवून आल्या तरी कठड्याची तपासणी चालूच होती.

मशीनच्या खोलीत मात्र ते वेगळेच माणूस झाले. मेन स्विच बंद, बॅटरी तोंडात. दोरावरून चिंधी फिरवली, ती एका जागी अडकली.

"दोरातल्या तारा तुटल्यात. दोर बदलायला झालाय."

"कसं शक्य आहे?" सिस्टरमधली सेक्रेटरी जागी झाली. "आठ माणसांची लिफ्ट, बसतात दोघं. इतक्या हलक्या वापरानं?"

मिस्त्री दयाळूपणे हसले. "सिस्टर, दोघं बसली काय नि आठ बसली काय, चाकावर दोर वाकतो तो वाकतोच. हलका वापर हे आपल्या मनाचं समाधान. दोराला ते कुठं..."

वाक्य तिथंच थांबलं. या खेपेला श्वास भरपूर होता.

सिस्टर मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिल्या.

मिस्त्रींनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं. काम फत्ते झाल्यानंतरची एक त्यात शिल्लक होती. त्यांनी ते मुठीत चुरगळलं.

"उद्यापासून रोज सकाळी सात मजले चढणार. खिसा रिकामा ठेवून. सुरुवातीला बसेन, पण पंधराव्या दिवशी बसणार नाही. ऑफिसातली ती खुर्ची मेव्हण्याला द्या म्हणावं!"

आणि दोर खाली जातात त्या भोकातून त्यांनी पाकीट सोडून दिलं. दोघं कान देऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं अगदी तळातून एक बारीकसा आवाज आला.

मग मिस्त्रींचा चेहरा पडला. तळाच्या खड्ड्याशी एक पाटी होती, त्यांनीच स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'खड्ड्यात कचरा टाकू नये. टाकणाऱ्यानेच काढावा.'

ते जिन्याकडे वळले.

"सिस्टर, खाली जाता जाता तुमच्याकडचा झाडू नि सुपली मिळेल का?"