तिसरा अनोळखी

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे ऐकू येत नाही म्हणून मग उगाच चुळबुळ नको. एका टाचणीची गोष्ट सांगतो. टाचणी म्हणजे माणूस हो! लष्कराच्या कचेरीतला कारकून. लोकांना आकाशात दिसलेल्या नाही नाही त्या वस्तूंचे अर्ज तो जन्मभर टाचत आला, म्हणून हे नाव.

कचेरीचा नियम असा, की प्रत्येक अर्जावर कारण लिहायचं. फुगा, पक्षी, शुक्र, विमान. काहीच लागू पडेना, तर 'अनोळखी'. पण अनोळखी महिन्याला तीनच. चौथा गेला की वरून विचारणा, "तुम्ही तिथे बसून करता काय?"

त्या महिन्यात दोन खरेच अनोळखी निघाले. तिसरा म्हणजे एका दूधवाल्याला पहाटे दिसलेला दिवा. हवामानाचे फुगे सोडणाऱ्या केंद्राला फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा. पण टाचणीला कंटाळा आला. ठोकला अनोळखीचा शिक्का, टपाल गेलं वर. भगवंता, आळस करताना माणसाला कुठे ठाऊक असतं, आपण कुणाच्या वाटचं उडवतोय ते!

तीनच दिवसांनी, संध्याकाळी, एक तरुण वैमानिक आकाशातल्या उजेडामागे गेला आणि परतला नाही. रेडिओवर त्याचे शेवटचे शब्द आले ते सात वीसला. "उत्तरेला वळलाय. डोंगरावरून जातोय. मी मागोमाग आहे."

सकाळी त्याची थोरली बहीण कचेरीत येऊन बसली. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं.

"दादा, शोधायला निघाले ना?"

"निघतील ताई. आधी इथून कारण जायला हवं. कारणावरून दिशा ठरते; अनोळखी असेल, तर वैमानिक म्हणाला ती."

"म्हणजे आधी कागद उडणार, मग विमान?"

टाचणी हसला नाही. आत साहेबांनी लिहूनही टाकलं होतं: शुक्र. शुक्र पश्चिमेला, म्हणजे पोरगा समुद्रावर गेला, म्हणजे शोध समुद्रात.

"साहेब, शुक्र सहा अठ्ठेचाळीसलाच मावळला. हा तक्ता बघा."

"मग थोडा रेंगाळला असेल."

"पोरगा उत्तर म्हणाला, साहेब. डोंगर म्हणाला."

"चांदणीमागे धावणाऱ्याला दिशा कळते होय? आणि अनोळखी लिहू म्हणशील, तर आहे का एखादा शिल्लक?"

टाचणीनं बाहेर येऊन फुग्यांच्या केंद्राला फोन लावला. "हो, तो आमचाच की!" मग मुख्य कचेरीला. "तिसरा परत घेतो. तो फुगा होता."

"अहो, वर आलेलं खाली जात नाही. पुढच्या महिन्यात बघा."

पुढचा महिना नऊ दिवसांवर होता.

चार दिवस बोटी समुद्र विंचरत राहिल्या. ताई रोज त्याच बाकावर. चौथ्या दिवशी शोध थांबला, तेव्हा टाचणीनं तिला सगळं सांगून टाकलं, दूधवाल्यासकट. वाटलं, ही आता जोडा काढील. बरंच झालं असतं.

ती म्हणाली, "त्या डोंगरात पाणी असतं का हो कुठे?"



टाचणीनं तिच्यासोबत जायला रजा मागितली. महिनाअखेर आहे, मिळाली नाही. ताई एकटीच डोंगराकडे गेली. दहा दिवसांनी परतली ती तळपायांना फडकी बांधून, हाक मारमारून आवाज बसलेला. तोवर नवा महिना लागला होता. टाचणीनं पहिल्याच तारखेला पोराच्या कागदावर अनोळखी लिहून तो वर पाठवला. दुसऱ्या दिवशी तसाच परत आला: प्रकरण आधीच निकाली.

मंडळी, उद्या हात जोडाल तेव्हा त्या पोराची आठवण ठेवा. नाव मला ठाऊक नाही. 'डोंगरावर गेलेला' एवढंच म्हणा, देवाला कळेल.