हीटर कुणाला लागतो इथं

टक्. डब्याची कडी बसली आणि घरातली शांतता तेवढ्यापुरती मोडली. एरवी या घरात शांतता अशी नसतेच. वर्षातले आठ-नऊ महिने एसी घुमत असतो. डिसेंबरात तो बंद झाला, की आपण बहिऱ्या झालो की काय असं आसावरीला दोन दिवस वाटत राहायचं.

डबा दप्तरात सरकवून तिने आतल्या खोलीकडे कान दिला. नुपूरच्या छातीतली ती बारीक शिट्टी आज नव्हती. सहा वर्षांची पोर, पण गार वारा लागला की एखाद्या म्हातारीसारखी धापा टाकायची. आसावरीने तिला आधी थर्मल घातलं, मग गणवेश, मग स्वेटर, वर जॅकेट, डोक्याला टोपी. कांद्यासारखी गुंडाळून झाल्यावर नुपूर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आय कान्ट बेंड माय आर्म्स, आई."

"नको वाकवूस. नुसती चाल," आसावरी म्हणाली आणि तिच्या गार नाकाचा पापा घेतला.

एवढं गुंडाळायचं कारण गाडी. तीन आठवडे झाले, गाडीचा हीटर गार हवा सोडत होता. तिचा नवरा देवव्रत महिन्यातले पंधरा दिवस समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि पंधरा दिवस घरी. हीटर बिघडला तेव्हा तो घरीच होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, अगं, बटण चुकीचं दाबत असशील. पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, उम्म सलालच्या आपल्या घरापासून शाळा अर्ध्या तासावर, तेवढ्यात काय होतंय? आणि कतारमध्ये हीटर कुणाला लागतो? हे त्याने हसत हसत म्हटलं आणि चहाचा कप उचलला. तो परत गेल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तेव्हा फोनवरूनच त्याने उपाय सांगितला होता: कूलंटऐवजी साधं पाणी घाल, इथे कुठे गोठणार आहे. तेव्हापासून आसावरी रोज सकाळी बाटलीभर पाणी रेडिएटरच्या टाकीत ओतत होती, तुळशीला घालावं तसं.

तिने ताणलं नव्हतं. ताणायची गोष्ट तिने मे महिन्यातच ताणून घेतली होती. देवव्रतला ही समुद्रावरची नोकरी मिळाली तेव्हा तो म्हणाला होता, आता तुम्ही दोघी नाशिकला राहा, कंपनी वर्षातून दोनदा तिकीट देते, तेव्हा मी येईन. आसावरीने साफ नकार दिला होता. लग्नानंतरची तीन वर्षं ती तिकडे आणि तो इकडे असंच गेलं होतं. नुपूरने बाप पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलमध्ये; पुढे विमानतळावर खराखुरा बाप समोर आला तेव्हा त्याच्याकडे न जाता ती फोनकडे बोट दाखवत रडली होती. ते पुन्हा नको. पंधराच दिवस का असेनात, तिघं एका छपराखाली. शेवटी देवव्रत म्हणाला, "बरं. खलास." खलास, म्हणजे इथल्या बोलीत विषय संपला. त्या एका शब्दावर आसावरी सात महिने निर्धास्त होती.

त्या दिवशी वारा उत्तरेचा होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पाचव्या मिनिटाला काटा चढायला लागला. तिने वेग कमी केला. तिचे वडील घाटात टेम्पो चालवायचे. गाडी तापली की ते भर उन्हाळ्यात हीटर पूर्ण सोडायचे, म्हणजे इंजिनातली आग तेवढी आत खेचली जाते. आसावरीने तेच केलं. पंखा पूर्ण, हीटर पूर्ण. जाळीतून आली ती बर्फासारखी हवा, थेट मागे नुपूरच्या तोंडापर्यंत. काटा आणखी वर गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, आणि गोडसर जळका वास आत शिरला. तिने गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, इंजिन बंद केलं.

"इज इट गोइंग टू ब्लास्ट?"

"नाही ग राजा. तिला ताप आलाय."

नुपूरला मागच्या सीटवरून खांद्यावर घेऊन, आपल्या शालीत ओढून ती कठड्यापलीकडे जाऊन उभी राहिली. ट्रक गेला की दोघी हलायच्या. पोरीच्या पाठीवर हात होता, म्हणून शिट्टी सुरू झालेली कानाआधी हाताला कळली. दप्तरातला दम्याचा पंप काढून तिने दोन दाब दिले, दहापर्यंत आकडे मोजले. राग तेव्हा नुसता गाडीवर होता. असल्या डबड्याला आपण रोज पाणी पाजतो याचा.

गॅरेजवाल्या संपतचा नंबर देवव्रतने तिला देऊन ठेवला होता. मंगळवेढ्याकडचा माणूस, चाळिशीतला, अकरा वर्षं इथे. अर्ध्या तासात तो आपला पिकअप घेऊन आला. नुपूरकडे बघून म्हणाला, "ताई, ही पोरगी हाय का गाठोडं?" नुपूर हसली. त्याने तिला आधी पिकअपमध्ये बसवलं, हीटर लावला, खिडकी बोटभर खाली ठेवली आणि मग बॉनेट उघडलं.

तो वाकला. बॅटरीचा झोत टाकून आत बघत राहिला. आसावरीने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याने एक फाटलेली रबरी नळी बोटाने उचलून दाखवली.

"ही माझीच करणी हाय, ताई."

मग त्याने सांगितलं ते असं. जुलैत देवव्रत गाडी घेऊन त्याच्याकडे आला होता. आसावरी आणि नुपूर तेव्हा सुटीत नाशिकला होत्या. उन्हाळ्यात इथली बायका-मुलं गावी जातात आणि पुरुष मागे राहतात. हीटरचा छोटा रेडिएटर गळत होता. तो डॅशबोर्डच्या मागे असतो, बदलायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तीन दिवसांचं काम. म्हणून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून त्याने एकमेकींना जोडून टाकल्या. हीटर कायमचा बाद, पण गाडी चालते. इथं सगळेच करतात. तो जोड आता फाटला होता, सगळं पाणी तिथूनच वाहून गेलं होतं.

म्हणजे तीन आठवडे ती जे बटण दाबत होती, त्याच्या मागे काही नव्हतंच. आसावरी त्याच्याकडे वळली.

"संपतभाऊ, तुम्ही गॅरेजवाले. थंडी येते हे तुम्हाला माहीत नव्हतं? घरात लहान पोर आहे हे माहीत नव्हतं?"

"म्हणलं की मी," संपत दुखावून म्हणाला. "साहेबांना म्हणलं, पोरीला थंडीत तरास हुईल, बसवूनच घ्या. तर साहेब म्हणले, थंडीत फॅमिली हितं नसणार. डिसेंबरच्या आत नाशिकला पाठवतोय." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "मला वाटलं, तुमचं जायाचं पुढं गेलं."

आसावरीने फोन काढला. तिसऱ्या प्रयत्नाला देवव्रत लागला. मागे यंत्रांचा घुमारा होता. तिने सांगितलं, गाडी बंद पडली. तो म्हणाला, संपतला बोलाव. ती म्हणाली, आलाय.

मग तिने विचारलं, "या थंडीत आम्ही कुठे असणार होतो, देवव्रत?"

मग तो म्हणाला, "संपत काय बोलला?"

याच प्रश्नाने तिचं डोकं फिरलं. नाही म्हणाला असता, भांडला असता, तर चाललं असतं. तो फक्त किती फुटलंय याचा अंदाज घेत होता. मग त्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. गुरुवारी आल्यावर तो बोलणारच होता. दिवाळीतच बोलणार होता, पण ती इतकी खुशीत होती. नाशिकच्या शाळेत नुपूरचं नाव घातलंय, जानेवारीत घेतील. तुम्ही दोघी इथे पंधरा-पंधरा दिवस एकट्या, त्याला तिकडे झोप लागत नाही. आणि तू ऐकून घेतलं नसतंस.

"ऐकून घेतलं नसतंच," आसावरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण संपत चार पावलं दूर जाऊन उभा राहिला. "म्हणून न विचारता नाव घातलंस. पोरगी तीन आठवडे कुडकुडत शाळेत गेली आणि तू मला बटण शिकवत होतास. हसत होतास. मी वेडी रोज पाणी ओतत होते."

"आसावरी, ऐक—"

"गुरुवारी ये. नाशिकच्या शाळेला आधी फोन कर आणि मग ये."

तिने फोन बंद केला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने टोपीच्या मऊ कडेने पुसलं, कारण पंप देताना काढलेली नुपूरची टोपी तिच्याच हातात राहिली होती.

"संपतभाऊ, डॅशबोर्ड उतरवा. नवीन हीटर बसवा, नव्या नळ्या घाला, आणि आत कूलंट भरा. पाणी नको."

संपतने मान खाजवली. "साहेबांना एकदा इचारून—"

"गाडी मी चालवते."

"तीन दिस जातील, ताई. लई थंडी नाही ऱ्हायची, फार तर दोन म्हैने. तेवढ्यासाठी—"

"पुढच्या वर्षीही थंडी येणार आहे. तीन दिवस टॅक्सीने जाऊ आम्ही. तुम्ही बसवा."

संपतने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "बरं" म्हणून गाडी ओढायचा दोर काढायला वळला. त्याच्या दोन पोरी मंगळवेढ्याला होत्या.

आसावरी पिकअपमध्ये चढली. जुनाट गाडी, सीट फाटलेली, पण हवा ऊन ऊन येत होती. नुपूरने हातमोजे काढून दोन्ही तळवे जाळीसमोर धरले होते. आसावरीने तिला मांडीवर घेतलं, टोपी घातली, पाठीला कान लावला. शिट्टी अगदी बारीक झाली होती. शाळा बुडाली म्हणून पोर खूश असेल असं तिला वाटलं. पण नुपूर काचेतून, दोर बांधणाऱ्या संपतकडे बघत होती. ती घरात मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र इंग्रजीतच द्यायची. आज शब्द जुळवत जुळवत मराठीत बोलली.

"आई, आपण जाणार होतो, ते बाबाने संपतकाकांना सांगितलं. मग आपल्याला का नाही सांगितलं?"