एकसष्टाव्या ओळीपर्यंत

"फोन आला नव्हता, तर आलाईसा कशाला?" आकारामनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"फोनचीच वाट बघत बसलो हुतो की," शमशाद म्हणाली. ती कबनूरहून सकाळची पहिली बस पकडून आली होती आणि कडेवर तिची पाच वर्षांची सुहाना होती. "चोवीस दिस झालं. पोरीचं तोंड बघा जरा."

आकारामच्या डोक्यात तिडीक गेली. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायचा हा विभाग, राजारामपुरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. ह्या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं द्यावं लागतं. आकाराम इथला कारकून, आणि 'फोन आल्याशिवाय यायचं नाही' हा नियम त्याचाच. तो काही त्यानं मिजास म्हणून केला नव्हता. पूर्वी लोक लेकरू घेऊन शंभर किलोमीटरवरून यायचे आणि त्या गटाची पिशवीच शिल्लक नसायची. आता आदल्या दिवशी यादी निघायची, रक्तपेढीत पिशव्या राखल्या जायच्या, मग फोन जायचा. बारा वर्षांत एक पोर रक्ताविना माघारी गेलं नव्हतं. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ऐकणाऱ्याला वेळ असो वा नसो.

"यादीत नाव आलं की फोन जातोच," तो म्हणाला.

"मग त्ये काय हाय?" शमशादनं भिंतीकडे बोट केलं. तिथं सगळ्या मुलांची मोठी यादी चिकटवली होती आणि चौसष्टाव्या नंबरावर सुहानाचं नाव होतं.

त्यानं भिंत बघितली, मग सुहानाकडे बघितलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं उद्याची यादी उघडली. नऊ नावं होती. सुहाना नव्हती.



ही यादी काढणारी संगणकातली फाइल त्यानं स्वतः बांधलेली होती. 'पहिल्या ओळीपासून एकसष्टाव्या ओळीपर्यंत' असली रुक्ष भाषा त्याला आवडायची नाही, म्हणून त्यानं एकेका रकान्याला नाव दिलं होतं. मुलांच्या रकान्याचं नाव 'मुलं', शेवटच्या तारखांचं 'शेवटचं_रक्त', आणि किती दिवसांनी द्यायचं त्या आकड्यांचं 'अंतर'. मग सगळ्या रकान्यांवरून एका दमात फिरणारं एकच सूत्र. ते लिहून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबलं, की दोन्ही बाजूंना महिरपी कंस येत आणि उद्याची नावं खाली उतरत. विभागाच्या थोरल्या सिस्टरला, आक्काला, त्यानं हे कौतुकानं दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "चौगले, बायकोला तरी एवढ्या मायेनं हाक मारतासा का कधी?"

त्यानं रकान्यांच्या नावांची खिडकी उघडली. 'मुलं' हे नाव पहिल्या ओळीपासून सुरू होत होतं आणि एकसष्टाव्या ओळीवर संपत होतं. बाकीची दोन्हीही तिथंच.

कुठं माशी शिंकली ते त्याला तत्काळ कळलं. नवीन मूल आलं की तो मधेच कुठंतरी एक ओळ घुसवायचा. मधे घुसवलं की रकान्याच्या नावाची हद्द आपोआप लांबते. पण जूनमध्ये बाळासो नावाच्या एका बापानं भिंतीपुढं उभं राहून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. "कालची पोरगी आमच्या सम्राटच्या वर कशी? आधी रगात तिला देणार व्हय?" क्रमाचा आणि रक्ताचा काडीचा संबंध नव्हता, पण दहा आयाबाप मान हलवत होते. मग आकारामनं भांडण नको म्हणून त्या दिवसापासून नवी नावं तळाला लिहायला सुरुवात केली. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. यादी वाढली, पण रकान्यांच्या नावांची हद्द एकसष्टावरच राहिली. तिन्ही रकाने एकाच ओळीवर थांबल्यामुळे सूत्राचीही तक्रार नव्हती. दीड महिना यादी निमूटपणे अपुरी निघत होती आणि तो तिच्यावर सही करत होता.

त्यानं तिन्ही ठिकाणी एकसष्टच्या जागी पाचशे लिहिलं. यादीत दोन नावं वाढली. बासष्टाव्या नौमानचा बाप ह्याच इमारतीत लिफ्टवर होता, तो रोज आक्काला विचारून जायचा, म्हणून त्याचं निभावलं होतं. सुहाना, चोवीस दिवस. आणि तिच्या वर, त्रेसष्टावी तेजस्वी, वय वर्षं चार, गाव चंदगडकडचं. चव्वेचाळीस दिवस.



"आक्का, हिला आत घ्या. रक्तपेढीला कळवा," तो म्हणाला आणि फोनकडे वळला.

तेजस्वीच्या आईचा फोन बंद लागत होता. तीनदा लावला, तीनदा तीच बाई तेच बोलली. मग बापाचा लावला. आदर्श त्याचं नाव, गोव्यात एका हॉटेलात कामाला.

"घरात रेंज न्हाय वो पावसात," तो म्हणाला. मागं भांडी आदळत होती. "पोरगी मलूल हाय म्हणत हुती बायको परवा. मीच म्हटलं, त्यांचा फोन आल्याबिगर जायाचं न्हाय. त्यांचा फोन चुकत न्हाय कधी, असं तितंच सांगितलं हुतं."

"गावात दुसरा कुणाचा फोन लागेल?" आकारामनं विचारलं.

गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी सयाजी याचा लागला. तो बघून येतो म्हणाला. घर वरच्या वाडीत, जाऊन यायला पाऊण तास. त्या पाऊण तासात आकारामनं नऊ फोन केले, डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं, तेजस्वीच्या गटाच्या दोन पिशव्या राखायला लावल्या, आणि तरी घड्याळाचा काटा काही हलेना.

"पोरगी उठंना झालिया," सयाजीचा आवाज धापा टाकत आला. "डोळं उघडती, पर बोलंना. एकशेआठला फोन लावलाय. वड्यावर पाणी हाय, गाडी पलीकडंच थांबणार म्हणत्यात. आमी पाठीवर घिऊन जातोय."

डॉक्टर मॅडमनी फोन हातातून घेतला. "ऑक्सिजन लावून आणायला सांगा, आणि सलाईन भरभर सोडू देऊ नका. हृदय दमलेलं असणार."

साडेअकरा वाजले होते. गडहिंग्लजमार्गे यायला चार तास तरी लागणार होते.

ह्या चार तासांत आकाराम जेवला नाही. दोनच्या सुमाराला ट्रस्टचे व्यवस्थापक विश्वजित येऊन त्याच्यासमोर बसले. वयानं लहान, पण माणूस वाईट नव्हता.

"आकारामभाऊ, कॉलची वही काढा," ते हळू आवाजात म्हणाले. "एकवीस जुलैच्या पानावर जागा आहे. 'फोन लागला नाही' असं लिहून टाका. चंदगडला रेंज नसते हे जगाला माहीत आहे. त्या बाईलाही पटेल."

"पटंल की," आकाराम म्हणाला. "तेच तर."

"तुमची बारा वर्षं आहेत ह्यात. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर कुणी विचारणार नाही सूत्र काय आणि रकाना काय. तुमचं नाव घेतील फक्त."

वही उघडी होती. पानावर खरंच जागा होती, दोन ओळींची. पेन हातात होतं. खोटं कशाला बोला, आकारामला त्या क्षणी ते लिहावंसं वाटलं. फार वाटलं. पोरगी वाचली तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं, आणि नाही वाचली तर लिहिलेल्या ओळीनं ती परत येणार नव्हती. त्यानं वही मिटली आणि खणात टाकली, पण ह्याचा अर्थ त्यानं काही ठरवलं होतं असा नव्हता.

चार वाजता गाडी आली. तेजस्वी स्ट्रेचरवर एवढीशी दिसत होती आणि तिचे तळवे कागदासारखे होते. हिमोग्लोबिन तीनच्याही खाली. रक्त थेंबाथेंबानं सुरू झालं, कारण एकदम दिलं असतं तर छाती भरून आली असती. आकाराम दारात उभा राहिला. आत यायला कुणी मना केलं नव्हतं.

साडेपाचला पोरीनं पाणी मागितलं. डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

पोरीची आई, संयोगिता, उठून दाराशी आली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं होतं. विश्वजितही तिथंच घुटमळत होते.

"सायेब, तुमी फोन केलासा म्हणून वाचली माझी पोर," ती म्हणाली आणि वाकायला लागली.

आकाराम दोन पावलं मागं सरला. "पाया पडू नका, बाई. चोवीस दिवसांमागंच फोन करायला पायजे होता. यादीत तुमच्या लेकीचं नाव मी चुकीच्या जागी लिहिलं. त्यामुळं ते उद्याच्या यादीत कधी उतरलंच न्हाय. चूक माझी हाय."

विश्वजितनी नजर खाली घातली. आक्काचा हात पिशवीवर तसाच राहिला.

संयोगिता त्याच्याकडे बघत राहिली. तिला रागही आलेला दिसत नव्हता. ती काहीतरी मोजत असावी.

"फोन लागला न्हाय, असं न्हवं?"

"न्हाय. लावलाच नव्हता."

"मला वाटलं, रगात नसंल," ती म्हणाली. "असलं की बोलवतील. रोज फोन उशाला घिऊन निजत हुतो. तवा हितं रगात हुतं?"

"व्हय. होतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्होरलं कवा?"

"चार सप्टेंबर. आदल्या दिवशी मी स्वतः तुम्हाला फोन..."

"फोन र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कागदावर लिवून द्या. आमी येतो त्या दिवशी. रगात असू दे, नसू दे."

त्यानं खणातली वही आणली आणि तिचं एक कोरं पान फाडलं. तारीख लिहिली, खाली मुलीचं नाव लिहिलं. तिनं कागद घेतला, वाचला आणि परत त्याच्यापुढं धरला.

"सही करा खाली."

त्यानं सही केली. तिनं चार घड्या घालून कागद पोलक्यात ठेवला आणि लेकीजवळ जाऊन बसली.

शेजारच्या खाटेवर सुहानाची पिशवी संपत आली होती. शमशाद तिथून उठली आणि आकारामसमोर येऊन उभी राहिली.

"मला बी एक द्या," ती म्हणाली.

आकारामनं वहीचं दुसरं पान फाडलं.