पाच झाला की विकतो

ज्या कंपनीत सून दिवसभर लोकांच्या शिव्या खाते, त्याच कंपनीचे शेअर घ्यायची बुद्धी एखाद्या माणसाला कशी होते, हे कुणीतरी माझ्या सासऱ्यांना विचारा. मी विचारून थकले. माझं काम म्हणजे टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात हेडसेट लावून बसायचं आणि रेंज नाही, फोन मधेच तुटतो, पैसे उगाच कापले म्हणून ओरडणाऱ्यांना सांगायचं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' हे वाक्य समोर कागदावर लिहून चिकटवलंय. दिवसातून दीडशे वेळा म्हणते. लग्नाला अकरा वर्षं झाली, नवऱ्याची मी एवढ्या वेळा माफी मागितलेली नाही.

कंपनी कर्जात बुडाली आहे हे कळायला मला बातम्या बघाव्या लागल्या नाहीत. आधी आम्ही चाळीसजण होतो, आता सात उरलोय. एसी बंद. मोडलेल्या खुर्च्या कुणी बदलत नाही, त्यामुळे जो लवकर येईल तो गेलेल्या माणसाची बरी खुर्ची ओढून घेतो. पगार वीस तारखेला होतो, झाला तर. हे सगळं मी घरी जेवताना सांगायचे आणि तिथेच माझं चुकलं, कारण सासरे कान देऊन ऐकायचे.

त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. बेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले. हात कापायला लागला तेव्हा दुकान विकलं. त्या पैशांचं काय करायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेत आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर बसतात. वर पोहोचल्या की दहा मिनिटं कुणाशी बोलत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही गुडघे बदला, वर्षभर टाळलंत तर घराबाहेर पडणं विसरा. पैसे बाजूला ठेवले. ऑपरेशनची तारीख मिळाली सहा महिन्यांनंतरची.

'सहा महिने पैसा नुसता झोपून राहणार?' सासरे म्हणाले. आणि तो पैसा त्यांनी जागा केला.

सल्ला कुणाचा, तर न्हाव्याचा. कोपऱ्यावरच्या त्याच्या दुकानात रोज सकाळी यांची चौकडी जमते. न्हावी, दातांचे डॉक्टर, निवृत्त पोस्टमास्तर आणि आमचे सासरे. भिंतीवरच्या टीव्हीवर शेअर बाजाराचे आकडे पळत असतात, एखादा बिचारा अर्धी दाढी फेसात घेऊन बसलेला असतो आणि न्हावी वस्तरा हवेत धरून भाव बघत असतो. आमच्या कंपनीचा शेअर एकेकाळी शंभराच्या वर होता. आता साडेतीन. यांचा हिशोब सरळ होता: साडेतीनवरून पडून पडून पडणार किती? मी म्हटलं, शून्यापर्यंत. सासरे म्हणाले, सूनबाई, तुला बाजार कळत नाही.

कर्जाचा विषय काढला तर त्यांच्याकडे त्यावरही उत्तर तयार. 'एवढं कर्ज तुला-मला कुणी देईल का? ज्याला बुडू द्यायचं नसतं, त्यालाच एवढं देतात.' आता या बोलण्यावर माणसाने कुठल्या भिंतीवर डोकं आपटायचं?

बरं, मी काही सांगितलं की त्याचा भलताच अर्थ निघायचा. एसी बंद केला म्हटलं, तर वा, खर्च कमी करताहेत, नफा वाढणार. पाच माणसं काढली, आणखी चांगलं. तक्रारी वाढल्यात? म्हणजे गिऱ्हाइकं वाढलीत! शेवटी मी तोंडाला कुलूप लावलं. चार दिवस ऑफिसबद्दल चकार शब्द काढला नाही, तर पाचव्या दिवशी न्हाव्याने मला रस्त्यात गाठलं आणि हळूच विचारलं, 'वहिनी, बोलायची बंदी आलीय का? परदेशी पार्टनर येतोय ना?' मी कपाळाला हात लावला. तो हात लावलेलाही त्याने नीट बघून घेतला असणार, कारण त्याच दुपारी सासऱ्यांनी उरलेल्या पैशांचेही शेअर घेतले. दोन्ही गुडघे त्यात गेले.

नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, 'बाबांचं बाबा बघतील.' पालथ्या घड्यावर पाणी. बाप तसा, लेक असा.

त्यावर कळस म्हणजे न्हाव्याकडच्या त्या चौघांनी आपापले मोबाइल नंबर आमच्या कंपनीकडे वळवले. का, तर आपण मालक, मालकाने दुसऱ्याच्या दुकानातून माल घेऊ नये. शिवाय थेंबे थेंबे तळे साचे, चार गिऱ्हाइकं वाढली. मी स्वतः त्यांना सांगितलं की बाबा, आमच्या भागात रेंजची बोंब आहे, मीच ती बोंब दिवसभर ऐकते. ऐकलं नाही. सासऱ्यांनी घरातही हाच आग्रह धरला, पण सासूबाई बधल्या नाहीत. त्यांनी आपला जुना नंबर दुसऱ्या कंपनीकडेच ठेवला. त्यांच्या बहिणीला तो पाठ आहे, एवढंच त्यांचं कारण होतं.

त्यांनी भांडण असं केलंच नाही. एकदाच विचारलं, 'पैसे कधी निघणार?' सासरे म्हणाले, 'पाच झाला की विकतो. शब्द देतो.' सासूबाईंनी कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेला गोल केला आणि त्याच्या आधीच्या सोमवारी, हॉस्पिटलात पैसे भरायच्या दिवशी, दुसरा गोल केला. मग रोज सकाळी सासरे न्हाव्याकडून परतले की त्या त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. साडेतीन. तीन-ऐंशी. तीन. चार. ऑफिसात दीडशे जणांचा राग ऐकून मला येत नसेल इतका ताण त्या एका नजरेने यायचा.

सोमवार सहा दिवसांवर आला. त्या मंगळवारी सकाळी कुठूनशी बातमी सुटली की कंपनीचं कर्ज माफ होणार. खरंखोटं देव जाणे, पण शेअर सुसाट सुटला. आणि नेमक्या त्याच सकाळी, टॉवर भाड्याने देणाऱ्याने थकलेल्या भाड्यापायी आमच्या अर्ध्या शहरातले टॉवर बंद केले. आम्हा सातजणांवर आभाळ कोसळलं. साहेबांनी नवा कागद आणून चिकटवला: 'तांत्रिक काम सुरू आहे. चार तासांत सेवा पूर्ववत होईल.' चार तास कसले, भाडं भरेपर्यंत काही होणार नव्हतं. माझ्यासमोरच्या नकाशावर सगळा भाग लाल होता, फक्त नदीच्या पुलापलीकडे हिरवा.

साडेअकराला फोन आला. आमचे स्वतःचे मोबाइल कामावर असताना बाहेर कपाटात ठेवावे लागतात, त्यामुळे मला गाठायचं तर तक्रारीच्या नंबरवरूनच. दोनदा दुसऱ्याकडे लागला म्हणून ठेवून दिला, तिसऱ्यांदा माझ्याकडे लागला, हे मला नंतर कळलं. सासूबाईंच्या फोनवरून सासरे बोलत होते.

आमचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं. हे त्यांनाही माहीत होतं, मीच सांगितलेलं. त्यामुळे ते अगदी परक्यासारखे, आदबीने म्हणाले की मी तुमचा ग्राहक आहे आणि भागधारकही. शेअर सव्वापाच झालाय. विकायचाय. पण विकताना ओटीपी लागतो, तो माझ्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल सकाळपासून मेलाय.

मला हसावं की रडावं कळेना. आपल्याच कंपनीचा शेअर विकता येईना, कारण आपल्याच कंपनीचा फोन लागेना! समोर कागद होता. चार तास म्हणायचं, दिलगिरी म्हणायची, संपलं. मी कागदावर हात ठेवला.

'सर,' मी म्हटलं. सासऱ्यांना सर म्हणायची ही पहिलीच वेळ. 'तुमच्या भागात आज रेंज येणार नाही. चार तासांत नाही, उद्याही नाही. पुलापलीकडे आहे. टॅक्सी करा आणि आत्ताच्या आत्ता निघा.'

पलीकडे मागून सासूबाईंचा आवाज आला. 'मी पण येते.'

'तू कशाला? चार मजले—'

'तुम्ही एकटे गेलात तर विकणार नाही.'

खरं बोलल्याबद्दल साहेबांनी माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. कापेनात का, तसाही तो वेळेवर कुठे मिळतो? मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पुढचं मला सासूबाईंनी संध्याकाळी सांगितलं, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या तेव्हा. चार मजले त्या उतरल्या, टॅक्सीत बसल्या, पूल ओलांडला. मोबाइलला जीव आला. पाचच्या पाच दांड्या उभ्या. ओटीपी टिंग करून आला. भाव पाच-चाळीस. बोट टेकवायचं तेवढं बाकी. आणि हा माणूस त्या दांड्यांकडे बघत राहिला. म्हणाला, 'बघ, कशी फुल रेंज आहे. अशी कंपनी बुडते होय? सहाला विकू.'

'मी म्हटलं, पाच म्हणाला होतात,' सासूबाई मला सांगत होत्या. 'तर म्हणतात, आणखी साठ पैसे, तासाभराचा प्रश्न आहे.'

टॅक्सी पुलाच्या तोंडाशी उभी. मीटर चालू. सासूबाई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या, सासरे पुढे मोबाइल हातात धरून. पाच-पन्नास झाला. मग पाच-दहा. मग पावणेपाच, तर म्हणे पाचच्या खाली आता कसा विकू, परत चढेल. दुपारी खरी बातमी आली. कर्ज माफ वगैरे काही नाही, ज्यांचं देणं आहे त्यांना कंपनी पैशांऐवजी नवे शेअर देणार, दोनच्या भावाने, ढिगाने. तेव्हा सासऱ्यांनी बोट टेकवलं. पण आता सगळेच विकत होते आणि घेणारा एकही नव्हता. बाजार बंद झाला.

घरी आले. चार मजले चढायला सासूबाईंना चाळीस मिनिटं लागली. सासरे त्यांच्या चपला हातात घेऊन एक पायरी मागे होते.

मी त्या संध्याकाळी खूप बोलले. सून म्हणून जे बोलू नये तेही बोलले. उंटावरचे शहाणे, न्हाव्याचे शिष्य, काय तोंडाला येईल ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एवढंच म्हणाले की दोन दिवस थांब, परत वर येईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सुट्टी होती. सासरे खिडकीशी पेपर धरून बसले होते. सासूबाईंनी आपला फोन काढला आणि त्यांच्यासमोरच हॉस्पिटलला लावला. आवाज नेहमीसारखा शांत.

'माझं नाव यादीतून काढा,' त्या म्हणाल्या. 'नाही, गुडघे बरे नाही झाले. पैशांची सोय नाही.' पलीकडून बहुधा नवी तारीख कधीची देऊ असं विचारलं असावं. 'तारीख नका देऊ. शेअर सहा झाला की मी कळवते.'

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. मोबाइल घेतला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. दोन तासांनी परतले. पुलापलीकडे जाऊन सगळे शेअर विकून आले होते, पावणेदोनच्या भावाने. साडेतीनला घेतलेले, पावणेदोनला विकलेले. हिशोब करायला भिंग नको. टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, 'एका गुडघ्याचे आलेत.' मी हॉस्पिटलला उलट फोन करून नाव पुन्हा घालून घेतलं.

सोमवारी आम्ही तिघं तिथे गेलो. पैसे भरले. डॉक्टर बरे होते, त्यांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडाला धरले आणि म्हणाले की दोन्ही जवळजवळ सारखेच झिजलेत, एकच करायचा तर आधी कुठला ते तुम्ही सांगा. जास्त कुठला दुखतो?

सासूबाई म्हणाल्या, 'त्यांना विचारा. आमच्याकडे निर्णय ते घेतात.'

मला वाटलं आता हे खाली मान घालतील. पण नाही. क्षणभरही विचार न करता सासरे म्हणाले, 'उजवा. जिना उतरताना ती उजवा पाय आधी टाकते, आणि आठव्या पायरीला कठडा दोन्ही हातांनी धरते. चढताना डावा आधी. गेल्या थंडीपासून डाव्या कुशीवरच झोपते, उजव्याखाली उशी घेऊन.'

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरही बघत राहिले. दुसऱ्या कुणाला या बोलण्याने भरून आलं असतं. मला मात्र जो संताप आला तो आजतागायत गेलेला नाही. म्हणजे यांना सगळं माहीत होतं. कुठली पायरी, कुठला पाय, कुठली कूस. टॅक्सीत ती मागे पाय लांब करून बसली होती आणि मोबाइलवर ओटीपी आला होता, तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टरांनी पेन काढून उजव्या गुडघ्यावर खूण केली. डावा कधी करायचा, ते कुणी विचारलं नाही.