जेवणघरातून जाणारी शीव

कॉन्स्टन्स फेअरबर्नने जेवणघराच्या खिडकीखाली, दोन विटांमधल्या चुन्यात सुरी खुपसली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. तिला हवं होतं तेच झालं. गुडघ्यांवर बसल्या बसल्याच ती खुशीत शीळ घालू लागली.

"खिडकी मोडायला काढलीत की काय, बाई?"

ॲम्ब्रोज टकवेल दार न ठोठावता आत आला होता. वय एक्याऐंशी, चर्चचा कारभारी. शिवेच्या फेरीआधीच्या शुक्रवारी तो दरवर्षी या रेक्टरीत, म्हणजे पाद्रींच्या जुन्या घरात, येई आणि ही खिडकी नीट वर सरकते की नाही ते बघून जाई. त्यासाठी घरमालकाला विचारावं लागतं, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कॉन्स्टन्सने तीन वर्षांपूर्वी हे घर विकत घेतलं, तेव्हा घराबरोबर तोही आलाच.

दोष मूळ रेक्टरचा. सन १७६८ मध्ये त्या पाद्रीबुवांना वीस पाहुण्यांच्या पंगतीला पुरेल असं जेवणघर हवं झालं आणि त्यांनी घर मागच्या चराच्या पलीकडे खुशाल वाढवलं. तो चर म्हणजे दोन गावांची शीव. तेव्हापासून या घरात सूप एका गावात पितात आणि पुडिंग दुसऱ्या गावात खातात. दरवर्षी मे महिन्यात, जुन्या रिवाजाप्रमाणे, गावकरी आपल्या गावाची शीव पायी फिरायला निघतात, आणि शीव सोडायची नाही हा नियम. म्हणून सगळं गाव बागेच्या दाराने आत येतं, टेबलाला वळसा घालतं आणि समोरच्या खिडकीतून बाहेर उड्या टाकतं. पांढरी काठी घेऊन सर्वांत पुढे जो असतो, त्याने तर शीव मुळीच सोडायची नाही. ती काठी त्रेचाळीस वर्षं ॲम्ब्रोजकडे होती.

गेल्या वर्षी त्याचा गुडघा ऐन खिडकीत आखडला. एक पाय घरात, एक बाहेर. दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. आता चर्चच्या सध्याच्या धर्मगुरू, पाद्रीणबाई, गोड बोलून सुचवत होत्या की यंदा काठी गावातल्या तरुण डेन्झिल हॉबडेकडे द्यावी आणि ॲम्ब्रोजने फाटकाकडून सावकाश यावं.

"फाटकाकडून!" ॲम्ब्रोज खुर्चीत बसत म्हणाला. "फाटकातून दूधवाला येतो."

"तुम्हाला फाटकातून जायला लागणार नाही," कॉन्स्टन्स म्हणाली. "इकडे या. हे बघा."

तिच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. जुनी घरं तीस वर्षं दुरुस्त करून तिला भिंती वाचता येऊ लागल्या होत्या. खिडकीच्या दोन्ही कडांपासून थेट जमिनीपर्यंत एक एक सरळ उभी रेघ उतरली होती. मधल्या विटा शेजारच्या विटांत गुंतलेल्याच नव्हत्या, नुसत्या भरल्या होत्या.

"इथे दार होतं. ज्याने शिवेवर घर बांधलं, त्यानेच तुमच्यासाठी दार ठेवलं होतं. पुढच्या रेक्टरला गालिच्यावर चिखलाचे बूट नकोसे झाले. त्याने दार अर्धं बुजवलं आणि वर खिडकी बसवली. त्याला वाटलं, आता कोण येतंय!"

"आणि आम्ही आलो."

"तुम्ही आलात."

ॲम्ब्रोज मोठ्याने हसला, मग त्याने त्या भरलेल्या विटांकडे पुन्हा पाहिलं. इतर गावं नुसती चालतात, आम्ही चढतो, हे तो लहानपणापासून ऐकत आणि सांगत आला होता. ज्याची मिजास मिरवली, तो चक्क अपमान होता. त्याला वाईट वाटलं आणि त्या रेक्टरला आपले लोक पुरून उरले याचा आनंदही झाला.

"उद्या विटा काढते," कॉन्स्टन्स म्हणाली. "रविवारी तुम्ही काठी घेऊन सरळ चालत जा."

"म्हणजे म्हाताऱ्यासाठी सोय!"

"सोय कसली? मूळ घर होतं तसं करतेय. कौन्सिलची परवानगीही आहे."

तिने पुढे केलेला कागद त्याने चष्मा लावून वाचला. अर्ज केल्याच्या तारखेवर त्याचं बोट थांबलं. गेल्या वर्षीच्या फेरीनंतरचा सोमवार. कागदाची नीट घडी घालून त्याने परत दिला, आणि जाताना खिडकी वर सरकवून बघायची राहूनच गेली.

रविवारी दोनशे बूट जेवणघरात शिरले. गालिचा कॉन्स्टन्सने आधीच गुंडाळून ठेवला होता. खिडकीच्या जागी जमिनीपर्यंतची मोकळी चौकट पाहून सगळे थबकले. डेन्झिल तर हिरमुसलाच. महिनाभर तो गोठ्याच्या खिडकीतून उड्या मारत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"यात काय मजा?" तो पुटपुटला. "दारातून काय, कोणीही जाईल."

ॲम्ब्रोजने ते ऐकलं. त्याने टोपी सारखी केली, काठी उचलली आणि ताठ मानेने तो चौकटीतून बाहेर गवतावर गेला. गुडघा दुखला असेल तरी कोणाला दिसलं नाही. टाळ्या पडल्या.

मग तो वळला. तो बाहेर गवतावर उभा होता आणि सगळं गाव आत, त्याच्या मागे यायला थांबलेलं. त्याने चौकटीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि हात लांब करून काठी डेन्झिलच्या हातात दिली.

"बाई," तो मोठ्याने म्हणाला, "त्या विटा टाकू नका. फेरी संपली की परत लावा, होत्या तेवढ्याच उंच. पोराचे गुडघे चांगले आहेत."